पडद्यावर 'नातेपुते' उमटवणारं कार्ड

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

मागच्या आठवड्यात स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. ओळखीचे एक अण्णा आले. ऊस बागायतदार माणूस, साठीच्या आसपासचे. बसता बसताच म्हणाले, "पत्रकार, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं ना? पोराला पुण्यात इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतलंय. आता म्हणतंय नव्वद हजाराचा कॉम्प्युटर पाहिजे. आणि त्यातले पस्तीस हजार नुसत्या एका कार्डाचे! आधार कार्ड झालं, रेशन कार्ड झालं, पॅन कार्ड झालं. आता हे ग्राफिक्स कार्ड कुठल्या ऑफिसात काढायचं?"

टपरीवर सगळे हसले, अण्णाही हसले. पण पस्तीस हजार म्हणजे हसण्यावारी नेण्याची रक्कम नाही. किती टन उसाचं बिल झालं ते ज्याचं त्याने मनात मोजावं. मी त्यांना दोन वाक्यांत सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही. घरी आल्यावर जुन्या वह्या, कात्रणं काढून बसलो. आणि लक्षात आलं की या कार्डाच्या इतिहासात आपल्या पुण्याचं एक पान आहे, आपल्या अक्षरांचं एक पान आहे, आणि ते आज फार कमी लोकांना माहीत आहे. म्हणून ही पोस्ट.

आधी हे कार्ड म्हणजे काय ते पाहू.

तुमच्या कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे बारीक बारीक ठिपक्यांची रांगोळी. आज सगळ्यात जास्त चालणाऱ्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला की २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. आणि ही रांगोळी एकदा काढून भागत नाही. व्हिडिओ किंवा गेम चालू असला की सेकंदाला साठ वेळा पुसून नव्याने काढावी लागते. म्हणजे एका सेकंदात साडेबारा कोटींच्या आसपास ठिपक्यांचा रंग ठरवायचा.

हे काम कोण करणार? कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर हुशार असतो, पण तो एकटा असतो, फार तर मोजकेच जण. साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसातल्या अधिकाऱ्यासारखा. कोणाच्या प्लॉटची तोड कधी, कोणती गाडी कुठे, कोणाची नोंद आधीची, असले गुंतागुंतीचे निर्णय त्याने घ्यावेत. पण त्याच्या हातात कोयता देऊन दहा एकराच्या फडात सोडलं तर हंगाम संपेल, फड संपणार नाही. तिथे टोळीच लागते. पन्नास कोयते एकदम फडात शिरतात, प्रत्येकाने आपली सरी धरायची, सगळ्यांचं काम एकच. तोडा, सोला, मोळी बांधा. फार डोकं चालवायचं नाही, पण एकाच वेळी सगळे हात चालले पाहिजेत.

ग्राफिक्स कार्डवर जी मुख्य चिप असते, जिला जीपीयू म्हणतात, ती म्हणजे ही टोळी. तिच्यात शेकडो नाही, हजारो छोटे हिशेबनीस असतात. प्रत्येकाने आपापल्या ठिपक्याचा हिशेब करायचा. त्या चिपला स्वतःची मेमरी, स्वतःचा पंखा आणि मोठं कार्ड असेल तर वेगळी वीजजोडणी. हे सगळं ज्या पट्टीवर बसवलेलं असतं ते ग्राफिक्स कार्ड. साध्या कॉम्प्युटरमध्ये एक लहान टोळी मुख्य प्रोसेसरच्याच पोटात असते. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही असते. ती नसती तर तुमचं बोट पडद्यावर फिरल्यावर फोटो इतका अलगद सरकला नसता.

आता इतिहासाकडे येतो.

१९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यासोबत पडद्यासाठी जे साधं कार्ड मिळायचं त्यात मेमरी होती फक्त चार किलोबाइट. आज तुमच्या व्हॉट्सॲपवरच्या 'शुभ सकाळ'च्या एका फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते. हे कार्ड ठिपक्यांचा विचारच करायचं नाही. पडद्यावर २५ ओळी, ओळीत ८० घरं, आणि प्रत्येक घरात एक अक्षर. अक्षरांचे साचे कार्डातल्या चिपमध्ये कायमचे कोरलेले. एकूण २५६ साचे. त्यात ए ते झेड होतं, आकडे होते, युरोपातल्या भाषांची काही अक्षरं होती. 'क' नव्हता. 'ळ' तर नव्हताच.

आणि नुसता 'क' घालूनही भागलं नसतं. इंग्रजी अक्षरं ओळीत शेजारी शेजारी बसतात, प्रत्येक आपापल्या घरात. आपलं तसं नाही. आपल्या गावाचंच नाव घ्या. 'नातेपुते' लिहायला 'न'च्या पुढे काना, 'त'च्या डोक्यावर मात्रा, 'प'च्या पायाशी उकार, परत 'त'च्या डोक्यावर मात्रा. 'माळशिरस' लिहिताना पहिली वेलांटी उच्चाराला 'श'च्या नंतर आणि कागदावर 'श'च्या आधी. 'श्री' लिहायचं तर श आणि र एकमेकांत मिसळून तिसराच आकार तयार होतो. घरं पाडलेल्या त्या पडद्यावर हे बसणार कसं?

ही अडचण एकट्या आपली नव्हती. थायलंडच्या लोकांचीही हीच होती. व्हॅन सुवन्नुकुल नावाच्या एका थाई इंजिनिअरला आपला पीएचडीचा प्रबंध थाई लिपीत आयबीएमच्या कॉम्प्युटरवर लिहायचा होता. सोबतचं कार्ड थाई अक्षरं दाखवेना. म्हणून त्याने स्वतःच नवं कार्ड तयार केलं, जे पडद्यावरचा एकेक ठिपका वेगळा पेटवू शकेल. १९८२ मध्ये ते 'हर्क्युलस ग्राफिक्स कार्ड' या नावाने बाजारात आलं आणि जगभर विकलं गेलं. हे वाचलं तेव्हा मी थांबून परत वाचलं. ग्राफिक्स कार्ड म्हटलं की आपल्याला गेम आठवतो. पण या सुरुवातीच्या गाजलेल्या कार्डामागे होती एका माणसाची स्वतःच्या लिपीत लिहिण्याची गरज.

आपल्याकडे हेच काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं. ऐंशीच्या दशकात तिथे देवनागरीसाठी टर्मिनल तयार करण्याचं संशोधन चाललं होतं. त्यातून एक कार्ड पुढे आलं. मोहन तांबे हे त्यामागचं मुख्य नाव. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली आणि हे काम तिथे आलं. त्या कार्डाचं नाव 'जिस्ट'.

जिस्ट कार्ड कॉम्प्युटर उघडून आतल्या खाचेत बसवायचं. एकदा बसवलं की तोच इंग्रजी कॉम्प्युटर मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ अशा आपल्या भाषा दाखवू लागायचा. आणि खरी गंमत पुढे आहे. त्यासाठी आतली सॉफ्टवेअर बदलावी लागत नव्हती. त्या काळात ऑफिसांत वर्डस्टार, डीबेस, लोटस ही इंग्रजी सॉफ्टवेअर चालायची. त्यांना पत्ताही नसायचा की आपण मराठी दाखवतोय. ती आपली आकडे पाठवत राहायची, आणि कुठली मात्रा कोणाच्या डोक्यावर चढवायची, कुठली जोडाक्षरं करायची, हे कार्ड ठरवायचं.

मी हे कार्ड चालताना एकदाच पाहिलं. १९९९ ची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो. एका माहितीसाठी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. कोपऱ्यात धूळ खाल्लेला, काळ्या पडद्याचा एक कॉम्प्युटर, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत मराठी नावांची यादी सरकतेय. तोवर इतर ठिकाणी विंडोज आली होती. मी ऑपरेटरला विचारलं, "हा डॉसवाला कॉम्प्युटर मराठी कसं काय दाखवतो?" ते म्हणाले, "आत कार्ड आहे, पुण्याचं." मग त्यांनी कीबोर्डवर काहीतरी दाबलं आणि ती अख्खी यादी गुजराती लिपीत दिसायला लागली. तीच नावं, तीच माणसं, लिपी वेगळी. मला जादूच वाटली.

त्या जादूमागे हिशेब होता. भारतीय लिपींची घडण एकच आहे. मराठीचा क, गुजरातीचा क, तेलुगूचा क, रूप वेगळं पण जागा एकच. म्हणून सगळ्यांना मिळून एकच संकेतक्रम ठरवला गेला, त्याला 'इस्की' म्हणतात. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याला मानक म्हणून मान्यता दिली. त्यात 'नातेपुते' म्हणजे आठ खुणा. न, काना, त, मात्रा, प, उकार, त, मात्रा. साठवायचं एवढंच. कसं दिसायचं ते कार्ड पाहून घेईल.

पुढे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी युनिकोड आलं, तेव्हा देवनागरीचा भाग या इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतला गेला. आत्ता ही पोस्ट तुम्ही मोबाइलवर वाचताय ना? यातलं प्रत्येक अक्षर त्या क्रमाने साठवलेलं आहे. कॉम्प्युटरवर जे इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवतात, तेही त्याच काळातल्या कामातून आलं. जिस्ट कार्ड कालबाह्य झालं, त्याचं काम सॉफ्टवेअरने उचललं, आणि पुढे मोबाइलमध्ये ते फुकट मिळायला लागलं. फुकट मिळायला लागलं की ती गोष्ट कोणी केली हे लोक विसरतात.

याच सी-डॅकची दुसरी गोष्ट जास्त लोकांना माहीत आहे, ती म्हणजे परम सुपरकॉम्प्युटर. भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर हवा होता. हवामानाच्या अंदाजासाठी एक दिला, तोही अटी घालून. त्याहून ताकदीचा मागितला तर नकार आला. मग अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात काम सुरू झालं आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला.

आपल्या विषयाशी याचा संबंध काय? संबंध आहे. एकच महाबलाढ्य प्रोसेसर बनवणं आपल्याला शक्य नव्हतं. म्हणून ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या छोट्या चिप घेऊन त्यांची टोळी बांधली. काम वाटून दिलं, सगळ्यांनी एकाच वेळी करायचं. म्हणजे जी कल्पना आज प्रत्येक ग्राफिक्स कार्डाच्या पोटात आहे, ती पुण्याने तेव्हा कपाटाएवढ्या यंत्रात राबवली होती. ही कल्पना जगात फक्त आपलीच होती असं मी म्हणणार नाही, इतरही देशांत काम चालू होतं. पण नकार मिळाल्यावर आपण हातावर हात ठेवून बसलो नाही, हे महत्त्वाचं.

इकडे अमेरिकेत टोळीचा धंदा वेगळ्याच कारणाने वाढला, तो म्हणजे गेम. १९९३ मध्ये जेन्सन हुआंग, ख्रिस मालाचोव्स्की आणि कर्टिस प्रीम या तिघांनी एनव्हिडिया कंपनी काढली. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचं 'वूडू' कार्ड आलं आणि गेममधल्या भिंती, रस्ते, गाड्या खऱ्या वाटायला लागल्या. १९९९ मध्ये एनव्हिडियाने 'जीफोर्स २५६' आणलं आणि त्याची जाहिरात 'जगातला पहिला जीपीयू' अशी केली. त्या चिपवर २ कोटी ३० लाख ट्रान्झिस्टर होते. पुढे थोड्याच काळात थ्रीडीएफएक्स बुडाली आणि तिची मालमत्ता एनव्हिडियानेच घेतली.

ही लाट आपल्या गावात पोहोचली ती नेट कॅफेतून. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पोरांना आठवत असेल. प्लायवूडच्या खोपटात पाच-सहा कॉम्प्युटर, डायलअपचा तो कर्कश आवाज, आणि रोडरॅश. मग व्हाइस सिटी आली. तिला निदान ३२ एमबीचं ग्राफिक्स कार्ड लागायचं. मी ज्या कॅफेत बातम्या पाठवायला जायचो तिथे तसं कार्ड एकाच कॉम्प्युटरमध्ये होतं. बाकीच्यांवर तासाला वीस रुपये, त्याच्यावर तीस. आणि रांग त्याच्यासमोरच! मी ओरडायचो, "अरे मला बातमी पाठवायचीय, पेपरची वेळ झाली." पोरं म्हणायची, "काका, एवढं मिशन होऊ द्या." तोवर लाइट जायची. मग बातमीही नाही आणि मिशनही नाही.

खरा व्यवसाय मात्र पुढे लग्नाच्या शूटिंगने दिला. पूर्वी कॅसेट घेऊन मोठ्या शहरात मिक्सिंगला जावं लागायचं. नंतर आपल्याकडचीच पोरं मिक्सिंग शिकली. सुरुवातीला कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरवर तासाभराची फिल्म तयार व्हायला अख्खी रात्र जायची, आणि पहाटे भारनियमन झालं की पहिल्यापासून सुरुवात. आज तेच काम चांगल्या कार्डावर चहा पिऊन येईपर्यंत होतं. माऊलींची पालखी आपल्याकडे मुक्कामाला येते तेव्हा बघा. दुपारी सोहळा धर्मपुरीहून गावाकडे निघतो आणि रात्री मुक्कामाच्या तंबूत कीर्तन चालू असतानाच त्याचा ड्रोनने घेतलेला व्हिडिओ गाणं-बिणं लावून तुमच्या मोबाइलवर आलेला असतो. गावातल्या कुठल्यातरी दहा बाय बाराच्या खोलीत एक पोरगं आणि एक ग्राफिक्स कार्ड त्यासाठी जागत असतं.

याच धंद्यात माझ्या भाच्याने फटका खाल्ला, तोही सांगतो. म्हणजे दुसरा कोणी फसायला नको.

२०२० नंतर दोन वर्षं ही कार्डं बाजारातून गायबच झाली होती. मिळालं तर दुप्पट भावाने. एक कारण कोरोनामुळे चिपांचा तुटवडा. दुसरं म्हणजे इथेरियमसारखी आभासी चलनं. ही चलनं मिळवायला प्रचंड आकडेमोड करावी लागायची आणि ती करायला ग्राफिक्स कार्डची टोळी सगळ्यात सोयीची. लोकांनी शेडमध्ये रॅकवर शेकडो कार्डं मांडून रात्रंदिवस राबवली. मग १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धतच बदलली. त्या दिवसापासून त्या कार्डांना तिथे काम उरलं नाही. ती सगळी पुसून-बिसून जुन्या बाजारात आली.

भाच्याने त्या दिवाळीत एका दुकानातून अठरा हजाराला कार्ड घेतलं. "फक्त सहा महिने वापरलेलं" असं सांगितलेलं. दोन महिन्यांत पडदा काळा. तेही एका लग्नाची फिल्म अर्धी झालेली असताना. दुकानदाराने हात वर केले, पावती साध्या चिठ्ठीवर. भाच्याने दुसऱ्याच्या स्टुडिओत पैसे भरून ती फिल्म पुरी करून दिली. चूक त्याचीही होती आणि माझीही, कारण सोबत मी गेलो होतो आणि पत्रकार असून पक्की पावती मागितली नाही.

आता या कार्डाने खेळाच्या अंगणातून बाहेर पाऊल कसं टाकलं ते सांगतो, कारण आजची सगळी भानगड तिथून सुरू होते.

काही शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की ठिपक्यांचे रंग मोजणारी ही टोळी इतरही गणितं करू शकेल. एनव्हिडियाने २००६ मध्ये 'कुडा' नावाची सोय जाहीर केली. तिच्यामुळे कार्डाला चित्राशिवाय इतर हिशेबही सोपवता यायला लागले. आपल्याजवळचं उदाहरण नारायणगावजवळच्या खोडदचं. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तिथे आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. आकाशातून येणारा संकेत प्रत्येक अँटेनाचा दुसऱ्या प्रत्येक अँटेनाशी ताडून पाहावा लागतो. ३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५, आणि हे ताडणं क्षणोक्षणी चालू. दुर्बिणीचं नूतनीकरण झालं तेव्हा हा हिशेब करायला जीपीयू बसवले गेले. ज्या जातीच्या कार्डावर पोरं गाड्या पळवायची, त्याच जातीची कार्डं खोडदला तारे ऐकतायत.

२०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठात ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुटस्केव्हर आणि त्यांचे गुरू जेफ्री हिंटन यांनी गेमसाठी विकली जाणारी दोन कार्डं वापरून कॉम्प्युटरला फोटो ओळखायला शिकवलं. मांजर कुठलं, बिबट्या कुठला. स्पर्धेत बाकीच्यांना त्यांनी फार मागे टाकलं. आज ज्याला आपण एआय म्हणतो त्याची आजची धाव तिथून सुरू झाली. हिंटन यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि गेमची कार्डं विकणारी एनव्हिडिया जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांत जाऊन बसली.

आता हे आपल्या बांधावर आलंय, म्हणून ही पोस्ट नुसती आठवणींची नाही.

बारामती आपल्यापासून किती लांब? तास-दीड तास. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डसोबत उसासाठी एआयचा प्रयोग केला. उपग्रहाचे फोटो, मातीतले सेन्सर, हवामान केंद्र या सगळ्यांची माहिती एकत्र करून मोबाइलवर सल्ला मिळतो. पाणी कधी द्या, खत किती द्या, रोग कुठे दिसतोय. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनीही त्याचा उल्लेख केला. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, पाचशे कोटींची तरतूद सांगितली. म्हणजे आज ना उद्या आपल्या माळशिरस तालुक्यातही कोणीतरी फॉर्म घेऊन येणार.

प्रयोग चांगला आहे, पाणी वाचलं तर कोणाला नको आहे? पण उपग्रहाचा फोटो वाचून सल्ला तयार करणारं यंत्र तुमच्या शेतात नसतं. ते कुठेतरी लांबच्या डेटा सेंटरमध्ये असतं, आणि त्यात याच कार्डांच्या थोरल्या भावांची टोळी राबत असते. एनव्हिडियाच्या एच-१०० चिपवर ८ हजार कोटी ट्रान्झिस्टर आहेत. जीफोर्स २५६ चे २ कोटी ३० लाख आठवा. तिची मोठी आवृत्ती एकटी ७०० वॅटपर्यंत वीज घेते. आपली पाच एचपीची मोटर साधारण ३७०० वॅटची. म्हणजे अशी पाच कार्डं म्हणजे एक विहिरीवरची मोटर, तीही रात्रंदिवस चालू. अशी हजारो कार्डं एका छताखाली असतात. पनवेलच्या डेटा सेंटरमध्येही आहेत.

आणि ही कार्डं बनवतं कोण? आपण नाही. डिझाइन मुख्यतः अमेरिकेत, चिप बहुतेक तैवानमध्ये. पुण्यात एनव्हिडियाचं ऑफिस आहे, आपली मराठी पोरं तिथे काम करतात, पण कंपनी त्यांची. २०२० मध्ये सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' जगात ६३ व्या नंबरवर आला. अभिमानाची गोष्ट आहे, पण त्याच्या पोटातले जीपीयू एनव्हिडियाचे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने इंडिया एआय मिशनसाठी दहा हजार कोटींवर रक्कम मंजूर केली. मे २०२५ पर्यंत ३४ हजारांवर जीपीयू उपलब्ध केल्याचं सांगितलं, संशोधकांना तासावर सवलतीच्या भाड्याने. चांगलंच आहे. पण शब्द लक्षात घ्या, भाड्याने.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने नियम काढला की अशा चिपा कुठल्या देशाला किती द्यायच्या ते आम्ही ठरवणार. मोकळीक असलेल्या मित्रदेशांच्या यादीत भारताचं नाव नव्हतं. मे महिन्यात तो नियम मागे घेतला गेला. पण क्रे कॉम्प्युटरच्या वेळची आठवण ज्यांना आहे त्यांच्या पोटात गोळा आला असणार. नकार आज नाही, पण तो देण्याची ताकद अजून त्यांच्याकडेच आहे.

हा इतिहास मला म्हणूनच आजच्या कामाचा वाटतो. १९८८ मध्ये आपल्याकडे पैसा कमी होता, चिपा बाहेरूनच येत होत्या. तरी आपल्या अक्षरांसाठी कार्ड आपण बनवलं, कारण ते दुसरं कोणी बनवून देणार नव्हतं. आज दुसरे लोक सगळं बनवून द्यायला तयार आहेत, आणि म्हणून आपण प्रश्न विचारायचे थांबलोय. एआयवाले फॉर्म घेऊन आले की एवढं तरी विचारा: माझ्या शेताची, मातीची, उसाच्या वजनाची माहिती कोणाच्या नावावर राहणार? योजना बंद झाली तर ती मला परत मिळणार का? पहिल्या वर्षी फुकट असलेल्या सल्ल्याचं पुढे भाडं किती? आणि सल्ला मराठीत मिळणार, तो आपल्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत का?

आता अण्णांच्या पस्तीस हजाराचं. परवा ते परत भेटले. मी विचारलं, पोराची कुठली ब्रँच? म्हणाले, "सिव्हिल." मी सांगितलं, पहिल्या वर्षाला एवढ्या कार्डाची गरज नाही, पुढे थ्रीडी डिझाइन शिकायला लागला की लागेल. तोवर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर भागतं. कार्ड नंतर बसवता येईल असा कॉम्प्युटर घ्या, म्हणजे खाच आणि पॉवर सप्लाय बघून घ्या. एमएस-सीआयटी, टॅली, ऑफिसचं टायपिंग यासाठी तर वेगळं कार्ड अजिबात लागत नाही, कोणी गळ्यात मारलं तर घेऊ नका. व्हिडिओ मिक्सिंग, एआयचा अभ्यास, मोठे गेम, थ्रीडी, एवढ्यांसाठी लागतं. जुनं घेणार असाल तर जीएसटीची पक्की पावती घ्या, वॉरंटी किती उरली ते कंपनीच्या साइटवर नंबर टाकून तपासा, आणि जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर दुकानातच चालवून बघा. जुन्या कार्डावर नव्याचं नाव चढवून विकतात, ते त्यात बऱ्याचदा उघडं पडतं.

अण्णा म्हणाले, "म्हणजे पस्तीस हजार वाचले की." मी म्हणालो, वाचले नाहीत, पुढे ढकलले. ते परत हसले आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले.

शेवटची एक विनंती. नातेपुते, माळशिरस, अकलूज, फलटण भागातल्या कोणाच्या जुन्या छापखान्यात, टायपिंग क्लासमध्ये, ऑफिसच्या माळ्यावर डॉसच्या काळातला कॉम्प्युटर पडून असेल तर भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा. आत सी-डॅकचं जिस्ट कार्ड निघालं तर फोटो काढून मला पाठवा. आणि त्या कार्डावर काम केलेले ऑपरेटर कोणाच्या ओळखीत असतील तर त्यांच्याशी माझी गाठ घालून द्या. माणसं आता निवृत्त झाली असतील. त्यांनी टाइप केलेल्या याद्या गेल्या, पण त्यांच्या आठवणी तरी लिहून ठेवू.